भिंतीतलं दार आणि पेरमेस्सो

साखर किती टाकू ते आताच सांगून ठेवा. एकदा हा किस्सा सुरू झाला की माझं चहाच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे, लक्ष राहत नाही. चहा उतू गेला की तुम्हीच म्हणाल, शोभाबाईला आपल्या फजितीपुढे दुसरं काही दिसतच नाही. खरंच दिसत नाही हो! अख्ख्या गल्लीनं काठ्या, गोटे, झाडू घेऊन माझ्या घराला वेढा घातला होता. आणि कशामुळे? तर मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात जाण्याआधी सभ्यपणे परवानगी मागितली म्हणून. तीसुद्धा इटालियन भाषेत!

हसा, हसा. आठवी शिकलेली बाई आणि इटालियन! पण आधी ऐका तर खरं.

आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीची रीत तुम्हाला माहीत आहेच. आमच्याकडे दारावर टकटक फक्त दोघं करतात. एक मीटर पाहायला येणारा, आणि दुसरा ज्याचं आपल्याशी काही बिनसलं आहे तो. बाकी सगळे सरळ आत. "का करून राहिली वो?" हे विचारायचं ते स्वयंपाकघरात पोचल्यावर, तेही गंजावरचं झाकण उचलून पाहत पाहत.

माझ्या आणि कुसुमताईच्या अंगणात एक भिंत आहे आणि त्या भिंतीत एक छोटं लाकडी दार. पूर्वी नळ त्यांच्याच बाजूला होता, म्हणून आमच्या ह्यांनी आणि कुसुमताईच्या मालकांनी मिळून ते बसवून घेतलं होतं. पुढे आमच्याकडेही नळ आला. दार राहिलं.

आमचे हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी भोपाळला. फोन येतात, नाही असं नाही. "आई, जेवली का?" "जेवली." "तब्येत?" "चांगली आहे." "बरं, ठेवतो, मीटिंग आहे." मग मी टीव्ही लावते. पाहायला नाही, आवाजाला.

एका माणसाची भाजी करून पाहिली आहे का तुम्ही कधी? एक वांगं चिरायला घेतलं तर ते वांगंसुद्धा विचारतं, मी एकटाच का? म्हणून मी चार चिरते आणि वाटी भरून भिंतीतल्या दारातून पलीकडे जाते. सकाळी जाते, दुपारी जाते, वाटी परत आणायला संध्याकाळी जाते. लोक म्हणतात, शोभाबाई फार चौकस, दुसऱ्याच्या घरात फार डोकावते. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात डोकावून पाहण्यासारखं काही नसलं तर माणसानं डोकावावं कुठे?

तर कुसुमताईचा प्रवीण इटलीत इंजिनिअर आहे. कसल्याशा मशिनी बनवण्याच्या कारखान्यात. तिकडचीच मुलगी केली त्यानं, एलेना नावाची. लग्न तिकडेच झालं, आणि सून पहिल्यांदा सासरी आली ती यंदा संत्र्याची तोड सुरू झाली तेव्हा. नागपूरहून गाडी करून आले, पोचायला उशीर झाला, मी तोवर झोपून गेले. आता विचार करा, सकाळी माझी काय अवस्था असेल! भिंतीपलीकडे विलायती सून, आणि मी अजून तिला पाहिलेलं नाही!

तोंड धुतलं, गरम पोह्यांची ताटली घेतली आणि भिंतीतल्या दारातून थेट आत. स्वयंपाकघरात कोणी नाही. पुढे मधल्या खोलीत गेले. पाहते तर काय, गोरीपान पोरगी चटईवर उताणी! हातपाय सैल, डोळे मिटलेले, हूं नाही की चूं नाही.

मी तिथूनच ओरडले,

"अवो कुसुमताई! धावा वो! पोरगी गेली!"

आणि धावायची वाट कोण पाहतं? कोपऱ्यात पाण्याचा तांब्या होता, तो उचलला आणि अख्खा तिच्या तोंडावर रिकामा केला.

पोरगी उठली! उठली म्हणजे काय, उडाली. अशी किंचाळली की पोह्यांची ताटली माझ्या हातातून सुटली. कुसुमताई धावत आली, प्रवीण तोंडात ब्रश घेऊन धावत आला. समोर पाहतात तर सून ओलीचिंब, केसांत पोहे, आणि मी तांब्या हातात घेऊन उभी.

ती शवासन करून राहिली होती.

योग आपला, आसन आपलं, आणि ते ओळखायला आलं नाही ते मला! प्रवीण चांगला पोरगा. रागावला नाही. मला बाहेर ओट्यावर बसवलं आणि हळूच म्हणाला, "काकू, तिच्या गावाकडं नं, दार उघडं असलं तरी लोक विचारूनच आत येतात. घरच्यांनी बोलावलं असलं तरीबी. तुमी तं घरच्याच आहा, पण जरासा आवाज देत जा."

"हो नं बाप्पा," मी म्हटलं, "चुकलंच माझं." आणि वाटी न घेताच परत आले. ती कालच्या भाजीची वाटी तिथेच राहून गेली.

संध्याकाळी अंगणात कपडे काढत होते. पलीकडून आवाज आला. खट्.

भिंतीतल्या दाराची कडी. कुसुमताईच्या बाजूनं.

आता तो आवाज काही फार मोठा नव्हता हो. पण इतक्या वर्षांत ती कडी लागलेली मी ऐकली नव्हती. तिला गंज चढला आहे हेही मला ठाऊक होतं. कोणी तरी ती जोर लावून लावली होती. कपडे हातात तसेच घेऊन मी कितीतरी वेळ त्या दाराकडे पाहत राहिले.

पुढचे काही दिवस मी गेलेच नाही. वाट पाहत होते की कुसुमताई हाक मारेल, "अवं शोभा, मेली का काय?" नाही मारली. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे, भांड्यांचे आवाज यायचे. नवीनच कसला वास यायचा, टमाटे आणि लसणाचा, आणि काय शिजतं आहे ते मला कळायचं नाही! मला! या गल्लीत कोणाच्या वरणाला फोडणी बसली नाही तर ते आधी मला कळतं! मी इकडे एक वांगं चिरायची आणि अर्धं टाकून द्यायची.

मग एका दुपारी विचार केला, शोभा, असं कसं चालेल? हे लोक महिनाभर आहेत. तोवर कडी तशीच राहिली तर ती पक्की बसेल. मग ते गेल्यावरही कोण उघडतं? तिच्या गावाची रीत आहे ना विचारून यायची? मग विचारू! तिच्याच भाषेत विचारू! अशी सभ्य होऊन दाखवीन की सून स्वतः म्हणेल, या बाईला कडी कशाला?

मुलानं दिलेला मोबाईल घेतला आणि त्यालाच विचारलं, "इटालियन में इजाजत कैसे मांगते हैं?" एक बाई आली त्यात. गोड हसणारी. ती हिंदीतून सांगायची, मग इटालियन बोलून दाखवायची. खिडकी उघडू का, ही खुर्ची घेऊ का, असं काही विचारायचं असलं की 'पोस्सो?' आणि कोणाच्या घरात पाऊल टाकायचं असलं की उंबऱ्याबाहेर थांबून म्हणायचं, 'पेरमेस्सो?' मग आतून उत्तर येणार, 'अवांती!' म्हणजे या आत. आणि बाईनं बोट उगारून बजावलं, 'अवांती' ऐकल्याशिवाय आत जाणं फार असभ्य दिसतं.

झालं! माझा सराव सुरू. भाजीवाला आला तर त्याच्या गाडीसमोर उभी राहून म्हटलं, "पोस्सो?" आणि मग मेथीची जुडी उचलली. तो बिचारा म्हणाला, "काकू, तब्येत बरी हाय नं?"

पेरमेस्सोचा सराव घरातच केला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. "पेरमेस्सो?" थांबायचं. मग मधल्या खोलीच्या दारात. "पेरमेस्सो?" थांबायचं. नियमानं तर आतून उत्तर यायला पाहिजे. येणार कोणाचं? भिंतीवर आमच्या ह्यांचा फोटो आहे, ते तसेही कधी पहिल्या हाकेला उत्तर देत नव्हते. शेवटी मीच आत जायची, मीच "अवांती" म्हणायची, आणि परत बाहेर यायची. दुसऱ्या दिवशी टीव्हीसुद्धा बंद करून टाकला. कोणी उत्तर दिलंच तर ऐकू यावं म्हणून. वेडी म्हणाल तर म्हणा.

आणि मग उजाडला तो दिवस. मुलीनं पाठवलेली जांभळी साडी नेसले, पिशवीत निवडक संत्री घेतली, माझं दार नुसतं ओढून घेतलं आणि भिंतीतल्या बंद दाराकडे न पाहता गल्लीतून फेरा घालून कुसुमताईच्या पुढच्या दारी गेले. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत मी त्यांचं पुढचं दार नीट पाहिलंच नव्हतं! हिरव्या रंगाचं आहे ते!

दार सताड उघडं. मी उंबऱ्याबाहेर पाय जुळवून उभी राहिले.

"पेरमेस्सो?"

काही नाही.

"पेर-मे-स्सो?"

आत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बाकी काही नाही.

समोरच्या ओट्यावर रुक्मिणी आजी बसलेली, शेजारी तिची बकरी. आमच्या गल्लीत माझ्याहून जास्त माहिती कोणाला असेल तर त्या ओट्याला. आजी म्हणाली, "अवं शोभा, उभी काहून? जाय नं आत. दार तं उघडंच हाय."

"नाही जाता येत, आजी. आतून अवांती यायची आहे."

"कोण अवंती? सुनेची बहीण आली का?"

"बहीण नाही वो! आतून हुकूम येते. तो आला की जायचं."

"कुसुमच्या घरात जायले हुकूम?" आजीनं डोळे बारीक केले. "भांडण झालं का तुमचं?"

बस. 'भांडण' हा शब्द आमच्या गल्लीत कोणी मोठ्यानं म्हणायचा नाही हो! तो म्हटला की दारं उघडतात. दोघीतिघी बाया ओल्या हातांनी बाहेर आल्या. सायकलवरून जाणारा एक जण सायकल टेकवून उभाच राहिला. मी आपली दर थोड्या वेळानं "पेरमेस्सो?" म्हणून राहिले आणि मागे लोक जमून राहिले.

"काय म्हणून राहिली ती?"

"मंतर हाय वाटते."

"कुसुमनं घरात घ्याचं नाई म्हटलं तिले. म्हणून धरणं धरून बसली."

"अवो, उभी हाय. बसली कुठी?"

ऊन डोक्यावर आलं. साडीच्या आत घामाच्या धारा. पिशवीनं बोटं लाल झाली. आणि सगळ्यात वाईट काय माहीत आहे? मला वाटलं, आत आहेत सगळे. ऐकून राहिले आहेत. आणि कोणी 'ये' म्हणत नाही. जिच्या घरात मी इतकी वर्षं न विचारता शिरले, तिथे विचारल्यावर उत्तरच नाही! न विचारता गेले तेव्हा निदान हाकललं तरी नव्हतं.

संत्री उंबऱ्यावर ठेवली आणि वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते घाम आहे असं दाखवत घराकडे निघाले. लोक हळहळले, खेळ संपल्यासारखे.

माझ्या दाराशी पोचले आणि थबकले.

आत कोणी तरी होतं!

माझ्या स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग कपाट करकरलं. फटीतून पाहिलं तर डोक्याला फडकं गुंडाळलेलं उंच असं कोणी तरी, पाठमोरं, माझ्या मांडणीवरून ताटल्या काढून राहिलं आहे! रोजच्या ॲल्युमिनियमच्या नव्हेत, लग्नातल्या स्टीलच्या!

मी बाहेरून कडी घातली आणि गल्लीकडे तोंड करून ठोकली आरोळी, "चोर! चोर! माझ्या घरात चोर!"

लोक तर जमलेलेच होते. त्यांना फक्त काम पाहिजे होतं! सायकलवाल्यानं काठी आणली, दोघांनी गोटे उचलले. पोळ्याला गोटमार खेळणाऱ्या आपल्या गावाला गोटे उचलायचं शिकवावं लागतं का? रुक्मिणी आजी झाडू घेऊन सगळ्यांच्या पुढे, आणि तिच्या मागे बकरी.

आतून दार धडधडलं. "काकू! काकू!"

मी ओरडले, "चोर मला काकू म्हणून राहिला!"

"मंग ओळखीचाच असन," आजी म्हणाली. "बाईचा आवाज हाय पण."

"आजकाल बायाबी करतात वो!"

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुसुमताई दिसली. गिरणीवरून दळण घेऊन येत होती, कमरेवर डबा, नाकाला पीठ. गर्दी पाहून तिथूनच ओरडली, "का झालं वो? आन् माही सून पाहिली का कोणी? घरी एकटीच ठेवून गेलती. प्रवीण आन् त्याचे बाबा तं बोरगावले गेले, बगीच्यात."

"घरी नाही ती?" मी विचारलं.

"मंग तुह्याकडेच असन. म्या सांगितलं होतं तिले, काकूची वाटी पडली हाय, देऊन ये. रिकामी वाटी देत नाई आपण, म्हणून सकाळपासून काही करून राहिली होती तुह्यासाठी. आन् म्हटलं, मागच्या दारानं सरळ आत जाय, आवाज गिवाज देऊ नको. आपल्याकडे विचारलं तं लोकाइले राग येते."

सगळी गल्ली माझ्याकडे पाहून राहिली. मी कडीकडे पाहून राहिले.

"पण... मागच्या दाराले तं तुम्ही कडी लावली ना, कुसुमताई?" मी विचारलं.

"लावली तं! रुक्मिणी आजीची बकरी येऊन सुनेची चप्पल खाऊन गेली! नवीकोरी! तुह्यासाठी कायले लावीन वं मी कडी? वाजवायची होती! तूच आली नाई इतक्या दिवसांत, मले वाटलं, प्रवीण बोलला म्हणून रुसली. म्हणून तं सुनेले धाडलं!"

आजीनं बकरीकडे पाहिलं. बकरीनं दुसरीकडे पाहिलं.

मी कडी काढली. दार उघडलं.

आत एलेना उभी. डोक्याला ऊन लागू नये म्हणून बांधलेला कुसुमताईचा पंचा, चेहरा टमाट्यासारखा लाल, हातात माझी वाटी. वाटीत टमाट्याच्या रश्शातल्या जाडजाड शेवया. आणि मागे ओट्यावर दोन ताटल्या मांडलेल्या. दोन. माझ्या घरात ओट्यावर दुसरी ताटली कधीपासून निघाली नव्हती.

माझ्यामागे काठ्या, गोटे, झाडू. काय बोलणार मी? मराठीत माफी मागावी तर तिला कळेल का? इटालियनमध्ये माफी मागायचा धडा मी अजून पाहिलाच नव्हता! पाय उंबऱ्याच्या आत टाकवेना. आणि तोंडातून काय निघावं? इतके दिवस घोटलेलं तेवढंच निघालं, तेही रडक्या आवाजात,

"पेरमेस्सो?"

स्वतःच्या घराच्या दारात!

 पोरीचे डोळे असे मोठे झाले, आणि अशी हसली, अशी हसली की वाटीतला रस्सा सांडला. मग डोक्यावरचा पंचा नीट केला, हात लांब केला आणि म्हणाली, "अवांती, काकू! अवांती! मी किती वेळची वाट पाहून राहिली!"

प्रवीणनं मराठी शिकवली होती तिला, आणि तीही आपल्याच गावच्या बोलीतली.

गल्ली हसली. आजी तर झाडू टाकून खाली बसली. मीही हसले. पण आता चहा पिता पिता तुम्हाला म्हणून सांगते, आमचे हे गेल्यापासून या घराच्या आतून मला 'ये' असं कोणी म्हटलं नव्हतं. मी आत गेले तेव्हा नवीन जागी गेल्यासारखी गेले. त्या शेवयांत टमाटे, लसूण आणि मिठाशिवाय काही नव्हतं. तिखटाचा पत्ता नाही. दोनदा मागून घेतल्या.

मग महिनाभर भिंतीतलं दार दोन्ही बाजूंनी वाजत राहिलं. पोरगी आपली रीत इतकी शिकली की विचारू नका. एका दुपारी मी म्हटलं, तिच्यासारखं शवासन करून पाहू. चटईवर पडले, डोळे मिटले. तेवढ्यात अख्खा तांब्या तोंडावर! डोळे उघडले तर ती उभी. म्हणते कशी, "काकू, आपल्याकडे विचारत नाहीत ना?"

गेली ती परत. संत्र्याची तोड संपली आणि गेली. विमान उडालं असेल त्या वेळेला मी आणि कुसुमताई दोघी भिंतीतल्या दारात बसलो होतो, ती तिच्या बाजूनं, मी माझ्या बाजूनं.  आता कुसुमताईकडेही वांगं उरतं.

पण एक सवय लागून गेली. बाजारातून आले की मी माझ्या रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर थांबते आणि जरा मोठ्यानं म्हणते, "पेरमेस्सो?" भिंतीपलीकडून कुसुमताई असेल ते काम टाकून ओरडते, "अवांती!" मग मी आत जाते. मोबाईलमधल्या बाईनं सांगितलं तशी, अगदी सभ्यपणे.

परवाही तसंच विचारलं. पलीकडून आलं उत्तर, "अवांती!"

आणि मी पाय उचलायच्या आत आजीची बकरी आत गेली. आता तिला काय म्हणणार? परवानगी तर मीच मागून दिली होती!

अरे देवा, पाहा, गेला ना चहा उतू!